नेचावर्गीय औषधी आणि देशविचार

द्रव्यपरीक्षणाची चर्चा बहुधा मुळे, साली व फळे यांपाशीच थांबते; नेचे उपेक्षित राहतात. वास्तविक हंसपदी चरकोक्त कण्ठ्य महाकषायात आहे, सुनिषण्णक अर्शचिकित्सेतील सुनिषण्णकचांगेरी घृतात आहे आणि मयूरशिखा अनेक वैद्यांच्या वापरात आहे. ही तिन्ही द्रव्ये नेचावर्गीय होत. त्यांना ना फूल येते, ना बी धरते. बीजाणू पानाच्या पाठीवर किंवा स्वतंत्र कोषांत तयार होतात. म्हणून त्यांच्या ओळखीत उगवण्याच्या जागेला विशेष महत्त्व आहे.

या तिघींच्या जागा अगदी भिन्न आहेत. मयूरशिखा कोरड्या खडकांच्या कपारीत आणि जुन्या भिंतींच्या सांध्यांत तग धरते. उन्हाळ्यात आकसते, पावसाची सर येताच उलगडते. हंसपदीला सावली आणि दमट हवा लागते. ती पावसाळ्यात सह्याद्रीतील ओल्या दरडींवर दिसते. सुनिषण्णक चिखलात व उथळ पाण्यात वाढते. वरवंडसारख्या पर्जन्यछायेतील गावी, कालव्याच्या पाण्याने ओल धरलेली जागाच त्याला मानवणार.

औषधनिर्मात्याकडे येणाऱ्या पोत्यावर मात्र पुष्कळदा केवळ नाव असते. काही प्रांतांत तर मयूरशिखा म्हणून कोंबड्याचे झाड घेतात, जे नेचा नाहीच. नाव बरोबर असले तरी जागेचा प्रश्न उरतो. २००१ साली अमेरिकेतील फ्लोरिडा येथे, लाकूड टिकविण्याच्या रसायनांनी दूषित झालेल्या जमिनीवर, टेरिस व्हिटाटा हा नेचा सोमल मोठ्या प्रमाणात शोषून पानांत साठवतो असे आढळले. हाच नेचा आपल्याकडे जुन्या चुन्याच्या भिंतींवर उगवतो. सर्वच नेचे असे करतात असे नव्हे. परंतु गटाराच्या भिंतीवरून खुडलेली जुडी आणि डोंगरकपारीतील जुडी एकाच भावाने, एकाच विश्वासाने घ्यावी काय? सुश्रुताचार्यांनी भूमिप्रविभागीय अध्यायात स्मशान, वारूळ इत्यादी ठिकाणची औषधी वर्ज्य सांगितली, ती उगाच नव्हे.

‘गुरे खातात, म्हणजे वनस्पती निर्धोक’ हा युक्तिवादही वारंवार ऐकू येतो. अझोला हा पाण्यावर तरंगणारा नेचा दुभत्या जनावरांना पूरक खाद्य म्हणून दिला जातो आणि तो त्यांना मानवतो. याउलट ब्रॅकन नेचा दीर्घकाळ खाल्ल्याने गुरांना रक्तमूत्राचा विकार जडतो; हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशांत हा विकार परिचित आहे. त्यातील विषारी अंश दुधातही उतरतो. ऑस्ट्रेलियात सुनिषण्णकाच्याच प्रजातीतील नार्डू खाऊन मेंढ्या दगावल्या आहेत, कारण त्यात थायमिन नष्ट करणारे विकर असते. तेथील आदिवासी मात्र नार्डूचे बीजाणुकोष भाजून, दळून व पाण्यात कालवून खात आले. संस्काराचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगावयास नको. तात्पर्य, जनावराचे खाणे हे द्रव्याच्या निर्दोषतेचे प्रमाण मानता येत नाही; प्रत्येक नेच्याचा विचार स्वतंत्रपणेच व्हावयास हवा.

शेड्यूल ‘टी’ २००० साली लागू झाल्यापासून कच्च्या मालाची नोंद ठेवणे औषधनिर्मात्यांना बंधनकारक आहे. त्या नोंदवहीत पुरवठादाराच्या नावाशेजारी ‘संकलनाचे स्थान’ असा एक रकाना आपण स्वतःहून वाढवावा. नेचावर्गीय द्रव्य बीजाणूंसह, अखंड पानांच्या स्वरूपातच स्वीकारावे. चुरा घेऊ नये. ज्यांच्यापाशी जागा व पाणी आहे त्यांनी सुनिषण्णकाची लागवड उथळ खड्ड्यात करून पाहावी. मयूरशिखा काढताना मूळ कपारीत राहू द्यावे, अशी अट पुरवठादारास घालावी.

यामुळे माल थोडा महाग पडेल, हे खरे. परंतु ज्या द्रव्याचा देश आपल्याला सांगता येत नाही, त्याच्या गुणाची हमी रुग्णाला कोणत्या आधारावर द्यावी, याचा विचार वैद्य आणि औषधनिर्माते या दोघांनीही करावा, असे माझे नम्र मत आहे.