हिरवी तार आधी

थंडी पडली की ट्रॅकबॉलच्या तक्रारी सुरू होतात. पावसाळ्यात बांधलेला आणि दिवाळीपर्यंत बिनबोभाट चाललेला कंट्रोलर डिसेंबरात एकाएकी बिथरतो. ‘मिसाइल कमांड’मध्ये निशाणा पडद्याच्या भलत्याच कोपऱ्यात उडी मारतो, ‘सेंटिपीड’मधला नेमबाज जागच्या जागी थिजतो, कधी यूएसबीची जोडणीच तुटते आणि डबा काढून पुन्हा लावावा लागतो. बांधणारा मग प्रोग्राम तपासतो, सेन्सर बदलतो, नवा बोर्ड आणतो. दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. दोष बहुतेक वेळा यांपैकी कशातच नसतो. ट्रॅकबॉलच्या धातूच्या पट्टीपासून निघणारी हिरवी तार कुठे जोडायची ते न कळल्याने गुंडाळून, टेप लावून आत सरकवून दिलेली असते. तिथेच सगळे अडलेले असते.

सिग्नलच्या जोडणीबद्दल फार सांगायला नको, ती आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात बसली आहे. पाच व्होल्ट, ग्राउंड आणि आडव्या-उभ्या दिशांचे दोन-दोन सिग्नल, अशा सहा तारा. चेंडू पोलादी रुळांवर फिरतो, दोन रुळांच्या टोकांना खाचांच्या चकत्या असतात आणि प्रत्येक चकतीवर नजर ठेवणारे दोन प्रकाशसेन्सर पाव आवर्तनाच्या फरकाने उघडझाप करतात. आधी कोणता बदलला, यावरून दिशा कळते. म्हणून एकाच दिशेच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर निशाणा उलटा पळतो, बाकी काही बिघडत नाही. आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घेतला तर संगणक त्याला थेट माउस म्हणून ओळखतो आणि 0, 1, 2, 3 या चारही पिनांवर इंटरप्ट मिळतो. चारही सिग्नलांची तिथे सोय होते. चेंडू अगदी हळू फिरवत मल्टीमीटर धरला तर प्रत्येक सिग्नल शून्याजवळ आणि पाच व्होल्टजवळ असा हेलकावला पाहिजे. मध्येच दोन-अडीच व्होल्टांवर रेंगाळत असेल तर सेन्सरवरची धूळ आणि पुल-अप रेझिस्टर पाहावा. इथवरचे काम एका संध्याकाळचे आहे.

खरा प्रश्न त्यानंतरचा. कोरड्या हवेत सिंथेटिक कपडे घालून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या अंगावर काही हजार व्होल्टांचा स्थिर विद्युतभार सहज साठतो. साधारण तीन हजार व्होल्टांच्या खालची ठिणगी आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला ती पुरेशी असते. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्यामुळे हा भार साठायच्या आत ओघळून जातो, म्हणून दोष झाकला जातो. पुणे, नाशिक, नागपूरच्या हिवाळ्यात तो उघडा पडतो आणि एसी लावलेल्या खोलीत तर बाराही महिने. बटणे प्लास्टिकची असल्याने ती बरीचशी सुरक्षित असतात. ट्रॅकबॉलचे तसे नाही. चेंडूभोवतीच्या फटीतून ठिणगी सरळ पोलादी रुळावर उतरते. त्याच रुळावर चकती आणि तिच्यापासून काही मिलिमीटरवर सेन्सरची पाटी. ठिणगीला जमिनीची वाट मोकळी नसेल तर ती सेन्सरच्या तारेतून मायक्रोकंट्रोलरमध्ये शिरते आणि तिथून यूएसबीत.

ज्या यंत्रांसाठी हे चेंडू बनले, त्यांत हा विचार मुळापासून होता. 1978 च्या अटारी ‘फुटबॉल’वर खेळणारे चेंडूवर तळहात आपटायचे. 1980 साली ‘मिसाइल कमांड’ आणि 1981 साली ‘सेंटिपीड’ आले, दिवसभर शेकडो हात त्यांच्यावर फिरायचे. अशा कॅबिनेटांत धातूचे कंट्रोल पॅनल आणि नाण्यांचे दार यांना अर्थिंगची स्वतंत्र तार असायची. 1997 मध्ये मेम हे सॉफ्टवेअर आले, जुने खेळ घरच्या संगणकावर चालू लागले आणि घरोघरी कंट्रोलर बांधले जाऊ लागले. खेळ घरी आले, पण अर्थिंगची शिस्त मागे राहिली. आपला डबा प्लायवूडचा किंवा अॅक्रिलिकचा, वीज यूएसबीतून आलेली. त्यात अर्थिंग कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ते चूक आहे. लाकडी डब्यात भाराला पळायला दुसरी कुठलीच वाट नसते, म्हणून तिथे ही तार जास्तच गरजेची.

गोंधळ होतो तो तीन गोष्टी एकच समजल्यामुळे. सिग्नलचे ग्राउंड म्हणजे पाच व्होल्टांचा परतीचा मार्ग. चासिसचे ग्राउंड म्हणजे पट्टी, रूळ, धातूचे पॅनल यांना एकत्र बांधणारी तार. आणि अर्थिंग म्हणजे भिंतीतल्या सॉकेटचे सर्वांत मोठे भोक. या तिन्हींची गाठ एकाच ठिकाणी पडली पाहिजे. कॅबिनेटमध्ये पूर्ण संगणक असेल तर ती गाठ त्याच्या पॉवर सप्लायच्या धातूच्या कवचाशी आधीच बसलेली असते. तिथे चासिसची तार आणून जोडा आणि सिग्नलच्या ग्राउंडशी दुसरीकडे पुन्हा जोडू नका. दोन वाटा झाल्या की स्पीकरमध्ये घूं असा आवाज सुरू होतो. डबा नुसत्या यूएसबीवर चालणारा असेल तर चासिसची तार यूएसबी सॉकेटच्या धातूच्या कवचाला जोडा, बोर्डावरच्या ग्राउंडच्या पिनेला नव्हे.

ही तार बटणांच्या ग्राउंडच्या साखळीत टोकाला अडकवून मोकळे होण्याची सवय सर्रास दिसते आणि ती सर्वांत घातक आहे. दहा सेंटिमीटर तारेचे इंडक्टन्स साधारण 100 नॅनोहेन्री धरा. ठिणगीचा प्रवाह नॅनोसेकंदाला एक अँपिअर इतक्या वेगाने वाढला तरी त्या तेवढ्याशा तारेवर 100 व्होल्ट उभे राहतात आणि खऱ्या ठिणगीचा वेग याच्या कितीतरी पट असतो. बटणे ज्या ग्राउंडला शून्य समजतात तेच क्षणभर उसळते, आणि न दाबलेली बटणे दाबल्यासारखी वाटतात. म्हणून चासिसची तार स्वतंत्र, जाड, आखूड आणि सरळ हवी. तांब्याची विणलेली चपटी पट्टी मिळाली तर उत्तम. लॅमिंग्टन रोडला किंवा तापकीर गल्लीत चेंडू-बोर्ड घ्यायला जाल तेव्हा ती विचारा.

जोडतानाही घाई नको. ट्रॅकबॉलच्या पट्टीवर पावडर कोटिंग असते आणि त्यातून वीज जात नाही. स्क्रूच्या भोवती रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, तारेला थिंबल दाबून बसवा, खाली दातेरी वॉशर घाला आणि आवळा. मग मल्टीमीटरचे एक टोक रुळावर, दुसरे पट्टीवर धरा. चेंडूचे कवच प्लास्टिकचे असेल तर रूळ पट्टीला आपोआप जोडलेला असेलच असे नाही. बेअरिंगमधल्या ग्रीसमुळेही संपर्क कच्चा राहतो. बीप आली नाही तर आधी तो दुवा जोडा. रंगावर विसंबू नका. यूएसबी केबलमधली हिरवी तार डेटाची असते, ट्रॅकबॉलची बहुधा चासिसची आणि थ्री-पिन प्लगची अर्थिंगची. हिरव्याला हिरवी जोडणारा माणूस ठिणगीला स्वतःच्या हाताने बोर्डात नेऊन सोडतो.

शेवटचा दुवा घराच्या भिंतीत असतो. आपल्याकडे अनेक जुन्या घरांत सॉकेटला तिसरे भोक दिसते, मागे तार मात्र नसते. रास्पबेरी पाय दोन पिनांच्या अॅडॅप्टरवर चालवला की धातूच्या पट्टीला हात लावल्यावर मुंग्या येतात, कारण त्या अॅडॅप्टरमधला कपॅसिटर पट्टीला अधांतरी व्होल्टेजवर ठेवतो. अशा वेळी थ्री-पिनचा सप्लाय घ्या आणि सॉकेटची अर्थिंग जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रलला जोडून देणारे भेटतात. त्यांचे अजिबात ऐकू नका. न्यूट्रल कुठेही तुटला की त्या पट्टीवर 230 व्होल्ट येतात आणि त्या पट्टीवर एखाद्या लहान मुलाचा हात असतो. डब्यात 230 व्होल्ट येत असतील तर सगळा धातू अर्थिंगला थेट जोडलेला हवा आणि घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. यात तडजोड नाही.

आपल्यातले काही जण आता हे डबे इतरांना बांधून देतात, पैसे घेतात. विकत घेणारा आतले काही उघडून पाहत नाही. त्याचा आपल्या हातावर विश्वास असतो. म्हणून दोन गोष्टींचा आग्रह. तारा ओढायला बसाल तेव्हा हिरवी तार सर्वांत आधी ओढा, म्हणजे तिला वळसे घालावे लागणार नाहीत. आणि थ्री-पिन प्लग असलेला डबा हातातून देण्यापूर्वी रूळ आणि प्लगची अर्थिंगची पिन यांमधला रोध मोजा. एक ओहमपेक्षा जास्त भरला तर डबा देऊ नका. मोजलेला आकडा आणि तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, पुढे दुरुस्ती करणाऱ्याला त्याचा आधार होईल.

आम्हीही आमच्यापुरते ठरवले आहे. पुढल्या अंकापासून या मासिकात येणाऱ्या प्रत्येक कंट्रोलरच्या आराखड्यात चासिसची तार स्वतंत्र रेषेने दाखवलेली असेल आणि तिन्ही ग्राउंडांची गाठ कुठे पडते त्या जागी ठळक खूण असेल. ज्या आराखड्यात ती नसेल तो, कितीही देखणा असला तरी, लेखकाकडे परत जाईल.