चमच्याने तुटलेला दात

सांगलीकडून ऊसतोड करून परतलेल्या एका जोडप्याने नऊ वर्षांचा मुलगा दाखवायला आणला. वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला. "फिट आली, पडला," आई म्हणाली. खोदून विचारले तेव्हा बाप बोलला, "दातखीळ बसली, म्हणून चमचा घातला, डॉक्टर."

आपल्या बीड जिल्ह्यात फिट आली की कुणी चमचा शोधतो, कुणी कांदा, कुणी चप्पल. शिकलेलेही त्यात असतात! फिटमध्ये जीभ गिळली जात नाही. तोंडात काहीही घालू नका. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, घड्याळ पाहा. ५ मिनिटांत फिट थांबली नाही तर दवाखाना गाठा. दाताचा तुकडा सापडला नाही तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. पक्का दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता दुधात टाकून तासाभरात दंतवैद्याकडे न्या.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. या मुलाच्या गोळ्या फडावर संपल्या आणि दोन महिने मिळाल्याच नाहीत. गोळी अशी अचानक बंद झाली की फिट पुन्हा येणारच. टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात आणि पाच-सहा महिने बाहेर असतात, हे जिल्ह्यात कुणाला ठाऊक नाही? मग आरोग्य केंद्रातून हंगामभराच्या गोळ्या आणि डोस लिहिलेली चिठ्ठी का देऊ नये? ट्रकमध्ये भांडीकुंडी चढण्याआधी ही पिशवी आईच्या हातात पडली पाहिजे.