विमानाचे नऊ तास

गेल्या हिंवाळ्यांत सदाशिव पेठेंतील आमच्या एका वृद्ध स्नेह्यांचें पहाटे निधन झालें. एकुलता एक मुलगा लंडनला. सकाळीं सहा वाजतां त्याला फोन गेला, आणि घरांत एकच प्रश्न सुरू झाला : थांबावयाचें तें किती वेळ?

जमलेल्यांपैकीं एका गृहस्थांनीं लगेच हिशेब सांगितला. विमान नऊ तासांत येतें; तीन-चारच्या सुमारास मुलगा दारांत. झालें! गुरुजींना चारची वेळ दिली, नातेवाइकांनाही तीच कळविली. गृहस्थ चांगले पदवीधर. आम्ही तेथेंच होतों, आणि आम्हांसही त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

नऊ तास हा आंकडा खोटा नव्हे. लंडन ते मुंबई आकाशमार्गानें सुमारें ७,२०० किलोमीटर. विमान तें अंतर साधारणतः तेवढ्याच वेळांत तोडतें. तिकडे जातांना थोडा वेळ अधिक लागतो, कारण त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. येणाऱ्यास ते हात देतात, जाणाऱ्यास अडवितात. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघालें, तें कैरो व जिनिव्हा करीत १० जूनला लंडनला पोंचलें. त्यापूर्वीं आगबोटीचे दोन-तीन आठवडे. त्या मानानें नऊ तास म्हणजे कांहींच नव्हे. पण ते विमानाचे तास, माणसाचे नव्हेत.

हें प्रथम ध्यानांत आलें तें वहिनींच्या. इतका वेळ भिंतीशीं बसून असलेल्या त्या एकदम म्हणाल्या, “अहो, पण तिकडे आतां मध्यरात्र आहे. तो घरून निघणार कधीं?” दर रविवारीं रात्रीं नऊला मुलाशीं बोलतांना तिकडे दुपारचे साडेतीन असतात, हें त्यांना पाठ होतें. (उन्हाळ्यांत हा फरक साडेपांचाऐवजीं साडेचार तासांचा होतो.)

आणि तसेंच झालें. मुलाला जागा मिळाली ती तिकडच्या सकाळीं दहाच्या विमानांत, म्हणजे आपल्या दुपारीं साडेतीनला. मंडळी ज्या वेळीं त्याला दारांत पाहूं इच्छीत होती, त्या वेळीं तो नुकता जमीन सोडीत होता. मुंबईस उतरला रात्रीं साडेबाराला; पारपत्राची तपासणी होऊन मोटार मिळेपर्यंत दीड. द्रुतगती मार्ग २००२ सालीं पुरा झाला आणि घाटाचा त्रास पुष्कळ कमी झाला हें खरें, परंतु तो रस्ता ९४.५ किलोमीटरचाच आहे. दोन्हीं शहरांतून वाट काढावयाची ती वेगळीच. पांच वाजतां तो घरीं पोंचला. फोन झाल्यापासून तेवीस तास!

मधल्या काळांत चारची वेळ रद्द करून दुसऱ्या सकाळची सातची ठरविली, शीतपेटी आणविली. रात्रभर ठेवण्यास एका वडीलधाऱ्यांनीं हरकत घेतली. ती गुरुजींनींच मिटविली, हें आम्हांस फार बरें वाटलें.

ज्या वाचकांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांनीं त्यांच्या दारापासून आपल्या दारापर्यंतचे तास, तिकडची वेळ धरून, आजच एका कागदावर मांडून ठेवावे. असल्या सकाळीं कोणाचेंच गणित शाबूत नसतें.

आंत येतांच मुलानें आईला विचारलें, “फार उशीर झाला का?”

“नाहीं,” वहिनी म्हणाल्या. “आम्हीं पांचच धरले होते.”