खुंटीखालची भिंत

बल्लारपूरला आमच्या मामांकडे दिवाळीचा चुना दिला, की महिन्याभरात भिंती पुन्हा काळवंडू लागतात! कोळशाच्या मुलखात पांढऱ्या रंगाचे आयुष्य ते किती असणार? मामी दरवर्षी कुरकुरते आणि दरवर्षी चुना भिजत घालते.

गेल्या दिवाळीत मी पोहोचले ती नेमकी चुन्याच्या दिवशी. मामांच्या हाती मोबाइल देऊन म्हटले, "मामा, हे तुमच्या पलीकडच्या सास्तीचे चित्रकार. बघा तरी काय करतात!"

वाचकहो, प्रभाकर पाचपुते हे नाव तुमच्यापैकी काहींच्या कानांवर आले असेल. राजुरा तालुक्यातले सास्ती हे त्यांचे गाव, जन्म १९८६ चा. घरची माणसे खाणीत राबलेली. पाचपुते खैरागडला आणि बडोद्याला शिल्पकला शिकले, पण हाती धरला तो कोळसाच. थेट भिंतीवर कोळशाने चित्रे काढायची आणि चित्रांना हलतेही करायचे. रीत ऐकायला सोपी आहे. एक चित्र काढा, फोटो घ्या, थोडे पुसा, थोडे बदला, पुन्हा फोटो घ्या. सेकंदाला बारा चित्रे धरली, तरी एका मिनिटाला ७२० फोटो झाले! सोन्याच्या खाणींवर वसलेल्या जोहान्सबर्गमध्ये विल्यम केंट्रिज १९८९ पासून असेच कोळशाचे चित्रपट करीत आले आहेत. पुसलेली रेघ कागदावरून पुरती जात नाही. पुसट अशी मागे राहतेच.

२०१२ साली मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये पाचपुत्यांचे प्रदर्शन भरले. त्याचे नाव होते 'कॅनरी इन अ कोलमाइन'. विलायतेत खाणीत उतरताना पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेत. विषारी वायू असला, की आधी पक्षी कोसळे आणि माणसे सावध होत. ही चाल बंद करण्याचे ब्रिटनने ठरवले ते १९८६ मध्येच! पुढे त्याच देशात, कोळशावर मोठ्या झालेल्या कार्डिफ शहरात, २०२१ साली आर्टेस मुंडी हा पुरस्कार सहा कलावंतांना मिळून दिला गेला. त्या सहांत पाचपुते होते.

"भिंत काळी केल्याबद्दल बक्षीस?" मामी आतून म्हणाली, "मग आपल्या घराला आजवर एकही कसं नाही मिळालं?"

आम्ही हसलो. खरे सांगायचे, तर ही चित्रे मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मलाही हसूच आले होते. धड माणसाचे आणि डोक्याच्या जागी भलतेच काही. हा काय चमत्कारिक प्रकार, असे वाटले होते.

मामा मात्र हसले नाहीत. चष्मा पुसून त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"काऊन गं, याचं मुंडकं कुठं गेलं?"

"तीच तर गंमत आहे, मामा."

"गंमत नाही पोरी. पाळी सुरू झाली, की आम्ही म्हणजे टोपीवरचा दिवा नि हातातली कुदळ. डोकं वरच ठेवून उतरायचं. ते बरोबर नेलं, तर घरची आठवण येते." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "प्रदर्शन संपल्यावर भिंतीचं काय होतं?"

"पांढरा रंग देतात."

मामा काही बोलले नाहीत. दुपारी कुंचला घेऊन ते ओसरीत उभे राहिले. तिथल्या खुंटीवर बत्तीस वर्षे त्यांचा कामावरचा सदरा लटकत असे. सदरा गेला, पण त्याचा काळा डाग कितीही हात दिले तरी चुन्यातून वर येतो. मामांनी खुंटीच्या दोन्ही बाजू पांढऱ्या केल्या आणि कुंचला खाली ठेवला.

"एवढं राहिलं की," मामी म्हणाली.

"राहू दे."

मामीने एकदा डागाकडे पाहिले, एकदा मामांकडे. आणि बादली उचलून आत नेली. यंदा गेले, की फराळाआधी ती भिंत पाहणार आहे.