चित्रातला गरुड आणि गच्चीवरची घार

दिवाळीची सुट्टी सरली की शाळांतून 'प्रकल्प' नावाचे प्रकरण सुरू होते. पक्ष्यांचा विषय निघाला तर पहिला मान गरुडाचा. मग घरात एकच धांदल उडते. वडील दुकानातून छापील तक्ता आणतात, आई कात्री आणि डिंक घेऊन बसते आणि पांढऱ्या डोक्याचा, पिवळ्या चोचीचा एक रुबाबदार पक्षी पुठ्ठ्यावर चिकटतो. खाली सुवाच्य अक्षरांत 'गरुड' असे लिहिलेले असते. (अक्षर बहुधा आईचेच!) हा पक्षी उत्तर अमेरिकेतला. १७८२ पासून तो अमेरिकेच्या राष्ट्रमुद्रेवर आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याने तेथील राष्ट्रीय पक्षीही झाला. आपल्या आकाशात तो येत नाही. त्या तक्त्यावर शाबासकी मिळविलेल्या मुलाला आपल्याच गच्चीवर घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याचे नाव विचारावे, तर ते गोंधळते. आम्हांला खटकते ते हे.

गरुडाचा अभ्यास वर्गाबाहेर, उघड्या आकाशाखाली सुरू व्हावा. शहरात मान वर केली की बहुतेक वेळा दिसते ती घार. तिची शेपटी टोकाशी दुभंगलेली असते आणि वळताना ती सुकाणूसारखी फिरवते. गरुडाचे पंख रुंद, टोकाची पिसे बोटांसारखी फाकलेली, शेपटी पंख्यासारखी. एवढी खूण मुले पाच मिनिटांत शिकतात. त्यांचा आत्मविश्वास वाढला की मग ब्राह्मणी घार दाखवावी. तिची शेपटी गोलसर असते, म्हणजे खूण फसलीच! परंतु विटकरी अंग आणि पांढरे डोके पाहून ती ओळखू येते. दक्षिणेत हिलाच विष्णूचे वाहन मानून हात जोडणारे लोक आहेत.

वेळेची नोंद तर अवश्य ठेवावी. सकाळी सातला प्रार्थनेच्या वेळी हे पक्षी झाडावर किंवा टाकीवर बसलेले असतात आणि मधल्या सुट्टीत उंच आकाशात तरंगताना दिसतात. असे का, हे आधी सांगू नये. जमीन तापते, उष्ण हवा वर चढते आणि त्या हवेवर रुंद पंख पसरले की फडफडण्याचे श्रम वाचतात. महिनाभर वेळा लिहिल्यावर निदान एक-दोन मुले हे कारण आपणहून काढतील. ढगाळ दिवसाची नोंद त्यांना विशेष उपयोगी पडेल.

पटांगणावर खडूने दोन मीटरची रेघ ओढावी. गोव्याच्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या समुद्रगरुडाच्या पंखांचा विस्तार साधारण एवढा असतो. घारीचा सुमारे दीड मीटर. मुलांनी हात पसरून त्या रेघेवर निजावे. एवढ्या पक्ष्याचे वजन तीन किलोच्या आसपास, हे ऐकून मुले आपापली दप्तरे उचलून पाहतात. दप्तर बहुधा जड भरते. त्यावर शाळेने विचार करावा, पण तो विषय निराळा.

आपल्या घरांना याहून जवळचा एक भाग आहे, तो नावांचा. इंदूर-ग्वाल्हेरकडे घारीला चील म्हणतात, बडोद्यास समडी, बेळगावच्या कानडी शेजारी हद्दू, हैदराबादेत तेलुगू बोलणारे गद्द. मुलांनी भाजीवाल्यापासून शेजारच्या आजींपर्यंत सर्वांना विचारून हा तक्ता करावा. घरातला 'घार' हा शब्दही त्यात मोठ्या अक्षरांत हवा. संत जनाबाईंच्या अभंगातली घार ज्या मुलाने चील म्हणून ओळखली, त्याला तो अभंग अर्धाच कळणार.

देवळातला गरुडही सोडू नये. पंख मिटून, हात जोडून बसलेली त्याची मूर्ती मुलांनी पाहून काढावी. जटायू मात्र गिधाड, गरुड नव्हे. हा घोटाळा मोठेही करतात. मध्य प्रदेशातील वाचकांना विदिशाजवळचे बेसनगर दूर नाही. तक्षशिलेहून आलेल्या हेलिओडोरस या यवन राजदूताने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वासुदेवाप्रीत्यर्थ तेथे गरुडध्वज उभारला. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी १९१३ ते १९१५ या काळात तेथे उत्खनन केले. स्तंभ आजही उभा आहे, वरचा गरुड मात्र नाही.

छापील तक्त्यावरच्या अमेरिकन गरुडाचाही उपयोग आहे. डीडीटीच्या विषाने त्या पक्ष्याच्या अंड्यांचे कवच इतके पातळ झाले की उबवणाऱ्या मादीच्या भारानेच ती फुटत. १९६३ मध्ये अलास्का वगळता अमेरिकेत जेमतेम ४१७ जोड्या घरटी करीत होत्या. १९७२ मध्ये तेथे डीडीटीवर बंदी आली आणि २००७ मध्ये तो पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला. वर्गात एक अंडे दिवसभर व्हिनेगरमध्ये ठेवावे; कवच विरून मऊ पापुद्रा उरतो. डीडीटीची क्रिया वेगळी, ती कवच धरूच देत नाही. पण कवचावाचून अंड्याची काय दशा होते, ते हाताला कळते. ज्या घरी अंडे चालत नाही, त्यांनी शिंपला घ्यावा आणि निघणारे बुडबुडे पाहावे.

आपल्याकडे हीच गोष्ट गिधाडांची झाली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने, मेलेली गुरे खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत गेली. कारण २००४ मध्ये उघडकीस आले आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर आकाश रिकामे झाले होते. मध्य आशियातून हिवाळ्यात आपल्याकडे येणारा स्टेपी गरुडही मेलेल्या गुरांवर उतरतो, आणि राजस्थानात मेलेल्या अशा गरुडांच्या शरीरात हेच औषध सापडले आहे.

म्हणून निरीक्षणाच्या वहीत शेवटचा रकाना गिधाडासाठी ठेवावा. नातवंडांनी आजी-आजोबांना विचारून त्यात दोनच गोष्टी भराव्यात: शेवटचे गिधाड कोठे पाहिले आणि साधारण कोणत्या साली.