पथ्य एकाचं, सवय सगळ्यांची

हल्ली 'ग्लुटेन' म्हटलं की लोकांचे दोन तट पडतात. एकांना ते वजन कमी करायचं नवं खूळ वाटतं, दुसऱ्यांना "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही!" असं वाटतं. आमच्या घरात माझ्या लेकीला सीलिअ‍ॅक आहे, त्यामुळे आमच्याकडे हा हौसेचा प्रश्नच उरत नाही.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन असतं. सीलिअ‍ॅक असलेल्यांच्या पोटात ते गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. गोळ्या घेऊन हे बरं होत नाही. जन्मभराचं पथ्य हाच उपाय. आणि शंका आली म्हणून आपल्याच मनाने गहू बंद करू नका बरं. आधी तपासणी करा, कारण गहू आधीच सोडलेला असेल तर रक्ताच्या चाचणीत दोष दिसेलच असं नाही.

माझं मत विचाराल तर नियम कडक हवा, पण घरातलं वागणं मऊ हवं. एकाच्या ताटात वेगळं वाढलं की ते मूल आजारी ठरतं. सगळ्यांच्याच ताटात ज्वारीची भाकरी आली की तो नुसता रोजचा स्वयंपाक होतो! आणि आपल्याकडे काय कमी आहे? ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा... उकडीचे मोदक, आंबोळ्या, घावन. होळीला पोळीऐवजी वाटीभर पुरण, वर दूध-तूप. कुणाचं काही अडत नाही.

खरी मेख असते ती न दिसणाऱ्या गव्हात. बाजारच्या खड्या-पावडरीच्या हिंगात बरेचदा मैदा असतो. भाजणीत, मेतकुटात गहू पडतो. सोया सॉसमध्येही असतो. म्हणून पुडा उलटून वाचायची सवय हवी. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन चालत नाही. यावरून अंदाज करा, किती थोडं पुरतं ते! गिरणीत गव्हानंतर त्याच जात्यात ज्वारी टाकली, तर पीठ ज्वारीचं उरत नाही. उपासाचं दळण आपण वेगळं दळून घेतोच ना? तेवढीच काळजी इथेही घ्यायची. आम्ही घरी छोटी चक्की घेतली, आणि पोळपाट-लाटणं, तवा वेगळा ठेवला. महिन्याभरात हात आपोआप योग्य डब्याकडे जायला लागले.

सगळ्यात अवघड सवय मात्र स्वयंपाकघराबाहेरची आहे. "एक घास खाल्ला तर काय होतंय?" हे आपण सगळे प्रेमानेच म्हणतो. पण होतं. कधी लगेच पोट दुखतं, कधी वरून काहीच कळत नाही आणि आत इजा होत राहते. आठ वर्षांच्या पोरीने प्रत्येक मावशी-आत्याला "नको" म्हणत राहायचं, हे तिला किती जड जात असेल!

तर मंडळी, गणपतीला सगळे जमणार आहोतच. यंदा शिऱ्याच्या जोडीला नको, शिऱ्याऐवजीच खिरापत करूया. खोबरं, खारीक, खसखस, बदाम, खडीसाखर. म्हणजे आरतीनंतर ती सगळ्यांबरोबर हात पुढे करेल, आणि आधी माझ्या तोंडाकडे बघणार नाही.