चाकावरचे घर : नोकरी आणि शेती सांभाळून



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधायला काढले की भलाभला माणूस मेटाकुटीला येतो, हे ज्यांनी बांधले त्यांना सांगायला नको. आता फर्दापूर-सोयगाव भागातली तरुण मुले एक निराळाच प्रश्न विचारू लागली आहेत. “साहेब, जुना मालवाहू टेम्पो घेतला आणि त्याचेच घर केले तर? नोकरी न सोडता, सुट्टीच्या दिवशी थोडे थोडे काम करून जमेल का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. वाटणीला येणारी जमीन कमी होत चालली आहे. कोणी लेण्यांच्या पायथ्याशी दुकानावर आहे, कोणी वाळूजच्या कारखान्यात. पगारातला मोठा वाटा खोलीच्या भाड्यात जातो. शिवाय मका, कापूस, मिरची घेऊन बाजाराला जावे तर रात्र गाडीखाली काढावी लागते. तेव्हा गाडीतच निजण्या-स्वयंपाकाची सोय करावी असे मुलांना वाटले तर नवल नाही.

ही कल्पना नवी नाही

बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुख तुडवणारे बंजारा तांडे आपल्या वाडवडिलांनी पाहिले. त्यांचे घर आणि धंदा एकत्रच चालत असे. आपल्या फर्दापूरची जुनी सराई अशाच वाटसरूंसाठी होती. १९०९ ते १९११ या काळात हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने नंदलाल बोस वगैरे तरुण चित्रकारांना बरोबर घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या, तेव्हा त्या मंडळींचा तळही फर्दापूरलाच तंबूत होता.

मोटार आल्यावर हेच बिऱ्हाड ट्रकमध्ये गेले. जत्रेत येणारी टुरिंग टॉकीज आठवा. यंत्र ट्रकमध्ये, तंबू ट्रकमध्ये, आणि माणसांचे अंथरूणही तिथेच. शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनी या लोकांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला आणि २०१६ साली तो फ्रान्समधील कान महोत्सवात दाखवला गेला. तमाशाचे फड आणि पंजाब-हरियाणातून येणारी हार्वेस्टरवाली मंडळीही हंगामभर असाच संसार करतात.

अमेरिकेत २००८ च्या मंदीनंतर अनेक वयस्कर माणसांची घरे गेली. ती मोटारीत राहू लागली आणि साखरेच्या बीटच्या काढणीला, गोदामांत कामाला फिरू लागली. त्यांच्यावर जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिले. ते वाचताना आपल्याला आपले ऊसतोड कामगार आठवतात. उचल घेऊन, कोयता बांधून, पोराबाळांसह कोपीत सहा महिने काढणाऱ्या आपल्या माणसांना फिरत्या संसाराची हौस नसते, ती गरज असते. म्हणून पहिली गोष्ट स्वतःला विचारा. आपल्याला गाडीत राहायचे आहे की नाइलाजाने राहावे लागणार आहे? दोन्हींचा हिशेब वेगळा आहे.

आधी कागद, मग करवत

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ बांधणी मनाने बदलता येत नाही. आधी परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. कारखान्याने ठरवलेल्या बांधणीशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. राहण्याच्या गाडीसाठी, म्हणजे मोटार कॅराव्हॅनसाठी, वेगळे तांत्रिक निकष आहेत. त्यांत निजणे, बसणे, स्वयंपाक आणि सामान ठेवणे यांची सोय धरली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणही आणले. म्हणजे रस्ता आहे, पण तो कार्यालयातून जातो.

दुसरी गोष्ट विम्याची, आणि ती प्रत्येक घराने लक्षात ठेवावी अशी आहे. मालवाहू गाडीच्या हौद्यात फुकट बसवलेल्या माणसाला अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईला बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात दिला. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालाबरोबर असेल तर गोष्ट वेगळी. चालत्या टेम्पोत मागे खाट टाकून आईला किंवा लेकरांना निजवून नेले आणि काही बरेवाईट झाले, तर दुःख आणि कर्ज दोन्ही एकदमच दारात येतील. गाडी चालू असताना मागे कोणी नको, हा नियम पक्का करा.

पहिल्या वर्षी सुटे सामान

माझा सल्ला असा की पहिला हंगाम गाडीला एकही भोक पाडू नका. एक लाकडी खाट, एक पेटी, पाण्याचा जार, मच्छरदाणी आणि ताडपत्री एवढे सुटे सामान ठेवा. उभ्या गाडीत दहा रात्री काढून पाहा. त्यांत दोन रात्री उन्हाळ्याच्या आणि दोन पावसाच्या असू द्या. दहा रात्रींत काय लागते आणि काय नुसते जागा अडवते, ते कोणी न सांगता कळेल. पुष्कळांचे काम एवढ्यावरच भागते आणि पैसे वाचतात.

गाडीत पूर्वी काय वाहिले?

जुना टेम्पो घेताना इंजिन सगळे पाहतात, हौदा कोणी पाहत नाही. युरियाची आणि इतर खतांची पोती वाहिलेल्या गाडीचा पत्रा खालून गंजलेला असतो. कीटकनाशकाचे डबे सांडलेले असतील तर विष लाकडी तळात मुरते, धुऊन पूर्ण जात नाही. तसा तळ काढून टाका, त्यावर गादी घालू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, हे विसरू नका. धान्यात घालायच्या सल्फासच्या गोळ्यांतून हवेतल्या ओलाव्याने विषारी वायू सुटतो. अशा गोळ्या घातलेले धान्य गाडीत असेल तर त्या रात्री त्या गाडीत कोणीही निजता कामा नये.

वजनाचा हिशेब

पाऊण टन क्षमतेचा छोटा टेम्पो धरू. पाण्याच्या एका लिटरचे वजन एक किलो, म्हणजे ६० लिटरची टाकी ६० किलो. जाड प्लायवूडचा आठ बाय चारचा एक तक्ता सुमारे ३५ किलो, चार तक्ते १४०. बॅटरी ३०. खाट, गादी, भांडी, पेटी १००. दोन माणसे १२०. बेरीज ४५० किलो झाली. निम्म्याहून अधिक क्षमता घरातच गेली, मग मिरचीची पोती कुठे ठेवणार?

बैलगाडी भरताना भार मागे गेला तर ती उलाळ होते आणि पुढे गेला तर बैलाच्या खांद्यावर येतो, हे आपल्याला पाठ आहे. टेम्पोचेही तसेच. पाण्याची टाकी आणि बॅटरी खाली व चाकाच्या जवळ ठेवा, दोन्ही बाजूंचा भार सारखा ठेवा. काम निम्मे झाल्यावर आणि पुरे झाल्यावर अशी दोनदा गाडी वजनकाट्यावर न्या.

ऊन, ओल आणि वारा

आपल्याकडचा मे महिना पत्र्याच्या घरात कसा जातो हे ठाऊक आहेच. गोठ्याच्या पत्र्यावर आपण पाचट किंवा कडबा पसरतो आणि चुन्याचा पांढरा हात देतो. गाडीच्या टपालाही तोच न्याय लागू आहे. वर पांढरा रंग द्या आणि आत पत्रा व फळी यांच्यामध्ये उष्णता अडवणारा थर घाला. थर्मोकोल स्वस्त पडतो, पण पटकन पेटतो. स्टोव्हच्या बाजूला तो अजिबात नको.

ओलीचे उदाहरण धान्याच्या कोठीचे घ्या. ओलसर ज्वारी पत्र्याच्या कोठीत बंद केली की थंडीत झाकणाला आतून पाणी सुटते आणि बुरशी येते. माणसाच्या श्वासातूनही रात्रभर पाण्याची वाफ बाहेर पडत असते. गाडी गच्च बंद केली तर सकाळी पत्रा ओला, गादी ओली. म्हणून वारा आत यायला खाली एक आणि बाहेर जायला वर एक अशा दोन वाटा हव्यात.

या वाटांवर जीवही अवलंबून आहे. थंडीत कोळशाची शेगडी पेटवून दारे लावून निजू नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. चालू इंजिनाच्या धुराचेही तेच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तळाशी साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. स्वयंपाक गाडीबाहेर, मोकळ्यावर करणे उत्तम. निजताना सिलिंडर आत नको.

वीज किती लागते?

१२ व्होल्टची १०० अँपिअर-तासाची साधी बॅटरी कागदावर १२०० वॅट-तास देते. तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मीच वापरावी, म्हणजे ६००. एक २० वॅटचा पंखा आठ तास चालला तर १६०, पाच-पाच वॅटचे दोन दिवे चार तास लागले तर ४०, मोबाइलला १५. एका रात्रीचा खर्च २१५ झाला, म्हणजे दोन रात्री सहज भागल्या. टपावर १०० वॅटचे सौर तावदान बसवले तर चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे ४०० वॅट-तास परत मिळतात. टपावर काही कायमचे बसवणे हाही बदलच, तेव्हा परवानगीच्या अर्जात तोही लिहा.

तार मात्र जाड घ्या. विहीर लांब असली आणि तार बारीक असली की मोटारीला दाब मिळत नाही, हे आपण भोगले आहे. २४० वॅटला घरच्या २४० व्होल्टवर एक अँपिअर लागतो, तर १२ व्होल्टवर वीस. बारीक तार तापते आणि आग लागते. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच.

वेळेचे वेळापत्रक

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून पायथ्याशी काम करणाऱ्यांना सोमवार मोकळा मिळतो. सोमवारचे सहा तास आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी दीड-दीड तास धरले तर आठवड्याला साडेदहा तास होतात. दिवाळीनंतर लेण्यांवर गर्दी आणि शेतात कापूस वेचणी, तेव्हा हाताला उसंत नाही. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा :

१. पावसाळ्यात रिकाम्या गाडीवर पंपाच्या पाइपाने पाणी मारा. आत जिथे थेंब उतरेल तिथे खडूने खूण करा. आधी गळती शोधा, मग फळ्या लावा.

२. वेचणीच्या दिवसांत नुसती कागदपत्रे, परवानगी आणि सामानाची यादी.

३. जानेवारी-फेब्रुवारीत गंज खरवडून गंजरोधक रंग.

४. मार्चमध्ये वाऱ्याच्या वाटा आणि तारा. फळ्या लागल्यावर तार ओढायला गेलात तर केलेले काम उकलावे लागेल.

५. एप्रिल-मे महिन्यांत उष्णतेचा थर, तळ, खाट.

मृगाच्या आत काम उरकले नाही तर ताडपत्री घालून थांबा. पेरणी सोडून सुतारकाम करू नये. दिवसभर कामावर उभे राहून रात्री विजेची करवत चालवणे टाळा. थकलेला हात बोटे गमावतो.

घरातल्या बायामाणसांना विचारा

हे बहुतेक जण विसरतात. रस्त्याकडेला गाडी लावली तर रात्री बाईमाणसाने शौचाला कुठे जावे? आंघोळीचे पाणी कुठून आणावे, सांडपाणी कुठे टाकावे? ओळखीचे शेत, धाबा किंवा पेट्रोल पंप यांपैकी मुक्कामाच्या तीन-चार जागा आधी ठरवून ठेवा आणि मालकाला विचारून ठेवा. गावी म्हातारे आई-वडील असतील तर आठवड्यातला एक दिवस त्यांचा, हेही ठरवा. रस्त्यालगत ज्यांचे शेत आहे त्यांनी याची दुसरी बाजू पाहावी. फिरत्या गाड्यांना पाणी, स्वच्छ शौचालय आणि सुरक्षित जागा दिली तर त्यातून चार पैसे मिळू शकतात.

शेवटचे सांगणे पैशाचे. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, जमिनीची सहसा उतरत नाही. पाच गुंठे विकून टेम्पोचे घर करू नका. अंथरूण पाहून पाय पसरावे, आणि गाडीत तर अंथरूण सहा फुटांचेच असते. साठवलेल्या पैशातून, परवानगी घेऊन, सुट्या सामानाने सुरुवात केलीत तर बाजाराची रात्र सुखाची जाईल आणि भाड्याचा पैसा घरात राहील. या सोमवारी गाडीचे नोंदणीपुस्तक काढा, एकूण वजनाचा आकडा वाचा आणि परिवहन कार्यालयात विचारायच्या प्रश्नांची यादी करा. करवतीला अजून अवकाश आहे.